संकरित यांत्रिक हत्यारे

संकरित यांत्रिक हत्यारे : धातूचे थरावर थर चढवून वस्तू घडविणे आणि त्याच वस्तूवरील जादा धातू कापून काढणे, या दोन परस्परविरुद्ध क्रिया एकाच पायावर, एकाच पकडीत आणि एकाच नियंत्रणाखाली करणाऱ्या यंत्रांना संकरित यांत्रिक हत्यारे म्हणतात. यांपैकी पहिल्या क्रियेला ‘भरण’ व दुसरीला ‘कर्तन’ अशा संज्ञा प्रस्तुत नोंदीत योजिल्या आहेत. भरणाने हवा तो आकार, अगदी आतून पोकळ व वळणदार मार्ग असलेलाही, तयार करता येतो. परंतु त्याचा पृष्ठभाग खडबडीत राहतो व मापे काटेकोर येत नाहीत. कर्तनाने मापे मिमी.च्या शंभराव्या भागापर्यंत साधतात. परंतु ज्या जागी हत्यार पोहोचू शकत नाही ती जागा कोरता येत नाही आणि पुष्कळसा धातू कीस होऊन वाया जातो. विमानांच्या काही भागांच्या बाबतीत मूळ ठोकळ्याचा नऊदशांश भाग अशा रीतीने कापून टाकावा लागतो. एका पद्धतीचे वैगुण्य दुसरीने भरून काढावे, हा संकरामागील मूळ हेतू होय. विशेषतः ठसे व साचे तयार करणे आणि झिजलेले मौल्यवान भाग पुन्हा वापरण्याजोगे करणे, या कामांसाठी ही यंत्रे उपयुक्त ठरली आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व असे की, पवई (मुंबई) येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत या प्रकारच्या यंत्राचा एक अल्पखर्ची नमुना परदेशांतील काही मोठ्या कारखान्यांची यंत्रे बाजारात येण्यापूर्वीच सिद्ध झाला होता.

पूर्वपीठिका : कर्तनाचा इतिहास जुना व सुपरिचित आहे. इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सन यांचे छिद्रण यंत्र अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तयार झाले आणि त्यामुळेच जेम्स वॉट यांच्या वाफ एंजिनाला अचूक सिलिंडर मिळू शकला. त्याच शतकाच्या शेवटी हेन्‍री मॉडस्ली यांनी सरकत्या हत्यारधारकाची लेथ यशस्वी करून दाखविली. यानंतर सु. दीडशे वर्षांनी, १९५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत संख्यात्मक नियंत्रण असलेल्या चक्री कर्तन यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. हत्याराची वाट कारागिराच्या हाताऐवजी आकड्यांनी ठरू लागली. पुढे संगणकाची जोड मिळून आजची संगणकीय संख्यात्मक नियंत्रणाची यंत्रे रूढ झाली.

भरणाची परंपरा दोन प्रवाहांची आहे. पहिला प्रवाह वितळजोडकामाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत् प्रज्योतीने धातू वितळवून जोडण्याची रीत रशियन अभियंत्यांनी प्रचारात आणली आणि लवकरच ती केवळ जोडण्यासाठी नव्हे, तर झिजलेला भाग भरून काढण्यासाठीही वापरात आली. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीचे राल्फ बेकर यांनी वितळलेल्या धातूच्या ओळी एकावर एक चढवून शोभेची पात्रे बनविण्याच्या रीतीचे एकस्व मिळविण्यासाठी १९२० मध्ये अर्ज केला व १९२५ मध्ये ते त्यांना मिळाले. धातूच्या थररचनेची ही एक आद्य नोंद मानली जाते. दुसरा प्रवाह संगणकाच्या साहाय्याने नमुने बनविण्याचा. जपानमधील हिदेओ कोदामा यांनी १९८० च्या सुमारास प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे थर रचून वस्तू करण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत चार्ल्स हल यांना याच तत्त्वावरील पद्धतीचे एकस्व १९८६ मध्ये मिळाले. त्याच दशकात टेक्सस विद्यापीठात कार्ल डेकार्ड यांनी चूर्णावर लेसर फिरवून थर सांधण्याची पद्धत विकसित केली. हे सर्व प्रकार पुढे ‘त्रिमिती मुद्रण’ या नावाने लोकांच्या परिचयाचे झाले. प्रारंभी या यंत्रांतून निघणाऱ्या वस्तू राळेच्या वा प्लॅस्टिकच्या असत. त्या पाहण्यास योग्य, पण कामास अपुऱ्या होत्या. धातूची, प्रत्यक्ष कारखान्यात वापरता येईल अशी वस्तू कशी मिळवावी, हा प्रश्न १९९० नंतर पुढे आला आणि त्याच्या उत्तरातून संकराची वाट निघाली.

संकराची कल्पना : कारखान्यातील कारागिराला ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ठशाची कड तुटली की, ती वितळजोडाने भरावयाची आणि नंतर चक्री कर्तन यंत्रावर वा कानशीने मूळ मापाला आणावयाची, ही दुरुस्तीची जुनी रीत आहे. मात्र तीत ठसा एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. प्रत्येक वेळी तो नव्याने पकडावा, समतल करावा आणि त्याचा आरंभबिंदू पुन्हा शोधावा लागतो. यात वेळ जातो आणि प्रत्येक पकडीबरोबर थोडी चूक वाढते. भरण व कर्तन एकाच पकडीत झाल्यास ही चूक टळते. शिवाय थर चढत असतानाच मध्ये थांबून कर्तन करता येते. त्यामुळे वस्तू पूर्ण झाल्यावर झाकल्या जाणाऱ्या आतील पृष्ठभागांनाही अचूक रूप देता येते. हा दुसरा लाभ जुन्या रीतीत मुळीच नव्हता.

अमेरिकेत कार्नेगी मेलन व स्टॅनफर्ड या विद्यापीठांत फ्रिट्स प्रिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात प्रत्येक थर टाकल्यावर त्याचे कर्तन करण्याची पद्धत विकसित केली. जर्मनीत आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेत लेसरने धातू चढविणे व अतिवेगवान कर्तन यांची सांगड घालण्यात आली. दक्षिण कोरियात त्रिमितीय वितळजोड व कर्तन एकत्र करण्यावर संशोधन झाले. जपानमध्ये मात्सुउरा या कंपनीने २००० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी चूर्णशय्येवर लेसर फिरविणारे आणि दर सु. दहा थरांनंतर बारीक हत्याराने कडा कापणारे यंत्र बाजारात आणले. प्लॅस्टिकच्या साच्यांतील शीतक पाण्याचे वळणदार मार्ग हे या यंत्राचे वैशिष्ट्य ठरले. सरळ छिद्रांऐवजी साच्याच्या आकाराला धरून जाणारे असे मार्ग केल्यास साचा लवकर व सारखा थंड होतो आणि प्रत्येक नगास लागणारा वेळ कमी होतो.

पवई येथील संशोधन : या सर्व यंत्रांचा एक समान दोष म्हणजे त्यांची किंमत. लेसर, चूर्ण व ते हाताळणारी संयंत्रे महाग असल्यामुळे लहान कारखान्यास ती परवडण्याजोगी नव्हती. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या यंत्र अभियांत्रिकी विभागात के. पी. करुणाकरन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. नवे यंत्र घडविण्याऐवजी कारखान्यात आधीच असलेल्या संख्यात्मक नियंत्रणाच्या चक्री कर्तन यंत्रालाच वितळजोडाची जोड द्यावी, असे त्यांचे सूत्र होते. लेसरऐवजी विद्युत् प्रज्योत आणि चूर्णाऐवजी वितळजोडाची नेहमीची तार त्यांनी निवडली. निष्क्रिय वायूच्या आवरणाखाली तार वितळविणारा जोडदीप यंत्राच्या तर्कूशेजारी बसविण्यात आला. कर्तन हत्यार व जोडदीप यांच्या अक्षांतील अंतर नियंत्रकास एकदा कळविले की, दोन्ही एकाच निर्देशांक पद्धतीत काम करतात. जोडदीप चालू वा बंद करण्याची आज्ञा नेहमीच्या कर्तन-आज्ञावलीतूनच देता येते.

या संशोधनाचे निष्कर्ष २००६ पासून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध होऊ लागले. २०१० मध्ये करुणाकरन, सूर्यकुमार, पुष्पा व अकुला यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘अल्पखर्ची एकात्मीकरण’ असा उल्लेख होता. कोणत्याही विद्यमान यंत्राला, त्याच्या इतर कामांत बाध न आणता, ही जोड देता येते असे त्यात प्रतिपादिले होते. वेळ व खर्च यांतील बचतीची दोन कारणे त्यांनी दाखविली : खडबडीत कर्तनाचा टप्पा वगळला जातो आणि यंत्रासाठी आज्ञावली तयार करण्याचे श्रम कमी होतात. ठशाचा अंतिम आकाराजवळ जाणारा ढोबळ आकार आधी थरांनी उभा करावयाचा आणि त्याच पकडीत अखेरचे कर्तन करावयाचे, अशी ही कार्यपद्धती होती.

या पद्धतीत प्रत्येक थरानंतर त्याचा माथा कर्तनाने सपाट करतात. यामुळे थराची उंची निश्चित होते, तसेच पृष्ठावरील ऑक्साइडाचा पापुद्रा व खळगे निघून जाऊन पुढच्या थरास स्वच्छ पाया मिळतो. मात्र प्रत्येक सपाटीकरणात काही धातू व वेळ खर्च होतो. म्हणून शेजारशेजारच्या धातुरेषांमधील अंतर किती ठेवावे, हा महत्त्वाचा प्रश्न ठरतो. वितळजोडाच्या एका रेषेचा छेद स्थूलमानाने अन्वस्ताकार असतो. रेषेची रुंदी ६ मिमी. व उंची २ मिमी. असल्यास छेदाचे क्षेत्रफळ रुंदी व उंची यांच्या गुणाकाराच्या दोनतृतीयांश, म्हणजे ८ चौ. मिमी. येते. दोन रेषांमधील अंतर रुंदीच्या दोनतृतीयांश, म्हणजे ४ मिमी. ठेवल्यास थराची सरासरी उंची पुन्हा बरोबर २ मिमी. येते. अंतर यापेक्षा कमी ठेवल्यास धातू साचत जातो आणि जास्त ठेवल्यास खोल चऱ्या राहून सपाटीकरणात अधिक धातू वाया जातो. धातुरेषेचे असे गणिती प्रतिरूप या गटाने २०११ मधील निबंधात मांडले. पुढे ऑस्ट्रेलियातील वुलाँगाँग विद्यापीठातील संशोधकांनी वेगळ्या प्रतिरूपावरून हे अंतर रुंदीच्या ०.७३८ पट असावे असे सुचविले. दोन्ही उत्तरांत थोडा फरक असला, तरी प्रश्न एकच आहे आणि तो येथे कमी खर्चाच्या गरजेतून विचारला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या गटातील सूर्यकुमार यांनी पुढे हैदराबाद येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (स्थापना २००८) हे काम चालू ठेवले. दोन भिन्न तारा एकाच वेळी कमीअधिक वेगाने पुरवून एकाच वस्तूत जागोजागी वेगवेगळी कठिनता आणण्याचे प्रयोग तेथे झाले. ठशाचा गाभा चिवट व पृष्ठभाग कठीण असावा, ही ठसे बनविणाऱ्यांची जुनी अपेक्षा अशा रीतीने एकाच यंत्रावर पुरी होण्याची शक्यता निर्माण झाली.

व्यापारी यंत्रे : इंग्लंडमध्ये टरबाइनाची झिजलेली पाती पुन्हा उपयोगात आणण्याच्या एका प्रकल्पातून लेसरचे भरणशीर्ष सामान्य हत्याराप्रमाणे तर्कूत बसविण्याची व आपोआप बदलण्याची युक्ती निघाली. तिच्या विक्रीसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. २०१३ मध्ये फ्रँकफुर्ट येथील प्रदर्शनात डीएमजी मोरी या कंपनीने पाच अक्षांच्या चक्री कर्तन यंत्रात लेसर व धातुचूर्णाची तोटी बसविलेले यंत्र मांडले. २०१४ मध्ये जपानच्या यामाझाकी माझाक कंपनीने लेथ व चक्री कर्तन यांच्या संयुक्त यंत्रास भरणशीर्षाची जोड दिली. या दोन यंत्रांमुळे संकराचा विषय प्रयोगशाळेतून कारखान्यात आला. मात्र त्यांची रचना पवई येथील विचाराच्या उलट दिशेची होती. जुन्या यंत्रास नवी जोड देण्याऐवजी संपूर्ण नवे व महाग यंत्र विकत घ्यावे, असा तिचा मार्ग होता.

दोन्ही मार्गांना आपापले गुणदोष आहेत. प्रज्योतीने तासाला काही किलोग्रॅम पोलाद चढविता येते. लेसर व चूर्णाच्या पद्धतीत हे प्रमाण सामान्यतः बरेच कमी असते. उलट लेसरने पडणारी रेषा बारीक असून वस्तूत शिरणारी उष्णता थोडी असते, त्यामुळे नाजूक पात्यांची दुरुस्ती तिनेच करणे इष्ट ठरते. जाड ठशांना प्रज्योत आणि पातळ पात्यांना लेसर, अशी स्थूल विभागणी करता येईल.

अडचणी : संकरातील सर्वांत मोठी अडचण उष्णतेची आहे. भरणाने वस्तू तापते आणि कर्तनास ती थंड व स्थिर हवी असते. पोलादाचा प्रसरणांक दर °से. ला सु. ०.०००0१२ धरला, तर ३०० मिमी. लांबीचा ठसा तापमान १०० °से. ने वाढल्यास ०.३६ मिमी. लांबतो. जेथे ०.०२ मिमी. पेक्षा अधिक चूक चालत नाही, तेथे अशा तप्त ठशाचे अखेरचे कर्तन निरर्थक ठरते. म्हणून थांबून थंड होऊ द्यावे लागते व यंत्राचा वेळ मोडतो. थर थंड होताना आकुंचन पावतात, त्यामुळे वस्तूत अवशिष्ट प्रतिबले साठून ती वाकते; अखेरच्या कर्तनात काही धातू निघताच हा समतोल बिघडून पुन्हा वाकण्याची शक्यता असते. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड विद्यापीठात प्रत्येक थर रुळाने दाबून ही प्रतिबले कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत. दुसरी अडचण शीतक द्रवाची. कर्तनात वापरलेल्या द्रवाचा अंश पृष्ठभागावर राहिल्यास पुढच्या थरात वायूचे बुडबुडे अडकतात. म्हणून मधल्या टप्प्यांतील कर्तन बहुधा कोरडे करतात. तिसरी अडचण यंत्राच्या आरोग्याची. वितळलेल्या धातूचे शिंतोडे व धूर यांपासून मार्गिका व धारवे यांचे रक्षण करावे लागते. प्रज्योतीचा प्रवाह तर्कूच्या धारव्यांतून वा नियंत्रकातून परत जाऊ नये, यासाठी वस्तू मेजापासून विद्युत् निरोधित करून स्वतंत्र परतवाहक जोडणे आवश्यक असते. जुन्या यंत्राला जोड देणाऱ्याने ही काळजी न घेतल्यास स्वस्त वाटलेला उपाय महाग पडतो.

पुणे जिल्हा व मुळशी तालुका : महाराष्ट्रात यांत्रिक हत्यारांची परंपरा किर्लोस्कर उद्योगाशी निगडित आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी येथे लोखंडी नांगरांच्या कारखान्याने प्रारंभ झाला आणि या घराण्याच्याच प्रयत्नांतून हरिहर येथे लेथ तयार होऊ लागल्या. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर पिंपरी-चिंचवड परिसरात मोटारींचे, तर मुंढवा येथे घडाईचे मोठे कारखाने वाढले. त्यांना ठसे, साचे व पकडी पुरविणाऱ्या लहान कर्मशाळांचे जाळे पुण्याभोवती पसरले. घडाईच्या ठशावर तप्त पोलादाचे हजारो आघात होतात. ठसा झिजला की, घडाईचे काम थांबते. म्हणून ठशाची आयुर्मर्यादा व दुरुस्तीचा काळ यांवर येथील पुष्कळ कारखान्यांचा हिशेब अवलंबून असतो.

मुळशी तालुक्याचा आधुनिक उद्योगाशी पहिला संबंध दुःखद होता. मुंबईस वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधण्यास घेतले, तेव्हा ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना या लढ्यातूनच ‘सेनापती’ ही उपाधी लाभली. सत्याग्रह १९२४ पर्यंत टिकला. धरण मात्र झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले. यंत्रे मुंबईत फिरली, तालुक्याच्या वाट्यास त्यांचा लाभ आला नाही. पुढील काळात हे चित्र पालटले. पौड रस्त्यालगत पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली या गावांत अभियांत्रिकी कारखाने आले. पूर्वेकडील हिंजवडी व माण येथे औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाची वसाहत उभारली. लवळे येथे २००८ मध्ये सिंबायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.

हिंजवडीचा प्रस्तुत विषयाशी संबंध आज्ञावलींच्या द्वारे येतो. संकरित यंत्रास धातू कोठे चढवावा आणि कोठून काढावा हे दोन्ही सांगणारी आज्ञावली लागते. गोदरेज उद्योगसमूहातून निघालेल्या जिऑमेट्रिक या कंपनीचे येथे मोठे केंद्र होते व ‘कॅमवर्क्स’ ही कर्तनाची आज्ञावली तिच्या उत्पादनांपैकी होती. फ्रान्समधील दासॉ सिस्टिम्स या कंपनीशी तिने स्थापिलेला संयुक्त उपक्रमही हिंजवडीतूनच चालत असे. २०१७ मध्ये जिऑमेट्रिकचे विलीनीकरण झाले. तिची अभियांत्रिकी सेवा एचसीएल या कंपनीकडे, तर संयुक्त उपक्रम दासॉकडे गेला. अशा रीतीने जगभरच्या यंत्रांना आकाराची भाषा शिकविण्याचे काम या तालुक्यात झाले आणि पाचदहा किमी. वरील कर्मशाळेत झिजलेला ठसा हाताने भरला जात राहिला.

मूल्यमापन : केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये भरण-उत्पादनाचे राष्ट्रीय धोरण प्रसिद्ध केले. त्यामुळे या क्षेत्रास शासकीय पातळीवर मान्यता मिळाली. तथापि तंत्राचा खरा कस लहान कर्मशाळेत लागणार आहे. तेथील मालकाजवळ एखाददुसरे संख्यात्मक नियंत्रणाचे यंत्र असते. त्याचे हप्ते फेडावयाचे असल्याने ते एक पाळीही बंद ठेवणे त्यास परवडत नाही. पवई येथील संशोधनाचे महत्त्व नेमके येथे आहे. त्याने भरणाचे तंत्र श्रीमंत कारखान्याच्या काचेच्या पेटीतून काढून कर्मशाळेतील तार, वायू व प्रज्योत यांच्या ओळखीच्या जगात आणले. परंतु निबंधातील यंत्र आणि रोज दोन पाळ्या चालणारे यंत्र यांत अंतर असते. शिंतोड्यांपासून रक्षण, विश्वासार्ह आज्ञावली, भरलेल्या धातूची तपासणी आणि वितळजोड व कर्तन ही दोन्ही कामे जाणणारा कारागीर, या चार गोष्टींवाचून ते अंतर तुटत नाही. यांपैकी शेवटची गोष्ट विकत मिळत नाही. आजवर वितळजोडकाम व चक्री कर्तन हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत दोन वेगळे व्यवसाय म्हणून शिकविले गेले आहेत. यंत्रांचा संकर झाला, तरी हातांचा संकर अद्याप व्हावयाचा आहे. तो ज्या प्रमाणात होईल, त्या प्रमाणातच या हत्यारांचा लाभ मोठ्या कारखान्यांच्या पलीकडे पोहोचेल.